अठरा गुण जुळूनही: एका न फुटणाऱ्या त्रिपदीस खुले पत्र

रा. रा. क्ष² + ७क्ष + १८ यांस,
मुक्काम: सरावसंच तिसरा, प्रश्न चौथा, उपप्रश्न ‘ई’.

स. न. वि. वि.

आपली ओळख होऊन आता बरीच वर्षे झाली. आपण मला विसरला असाल. आपल्याला दरवर्षी नवी गिऱ्हाईके मिळतात. मी मात्र आपल्याला विसरलेलो नाही. आठवीच्या पुस्तकात आपल्या कुळाला ‘वर्ग त्रिपदी’ म्हणतात. शब्द स्त्रीलिंगी आहे, पण आपला एकूण आडमुठेपणा पाहता मी आपल्याला पुल्लिंगीच संबोधणार आहे. पुस्तकात आपण ‘एक्स’ लावून हिंडता, हेही ठाऊक आहे. मी ‘क्ष’ म्हणेन. ज्याने माझी अख्खी संध्याकाळ गिळली, त्याच्याशी भांडताना अक्षर तरी आपल्या घरचे असावे.

तर ती संध्याकाळ. सरांनी गाईडमधला तिसरा सरावसंच घरून करून आणायला सांगितला होता. चौथ्या प्रश्नाच्या माथ्यावर दोनच शब्द होते: ‘अवयव पाडा.’ आमच्या घरामागे बोरीचे झाड होते, त्यामुळे ‘पाडा’ या शब्दाचा मला एकच अर्थ माहीत होता. वर काहीतरी लागलेले आहे, दगड नेमका बसला की ते खाली येते, आणि नाही आले तर चूक दगड मारणाऱ्याची. अ, आ आणि इ या आपल्या तिन्ही शेजाऱ्यांनी हा अर्थ खरा करून दाखवला. क्ष² + ७क्ष + १२ ला एक खडा मारला, तीन आणि चार टपकन पडले. क्ष² + ७क्ष + १० चे दोन आणि पाच. क्ष² + ७क्ष + ६ ने तर एक आणि सहा आपणहून ओंजळीत टाकले. मग आपण उभे राहिलात.

आमची रीत साधी होती. असे दोन आकडे शोधायचे की ज्यांचा गुणाकार शेवटच्या पदाइतका आणि बेरीज मधल्या पदाच्या सहगुणकाइतकी. मग त्या दोन आकड्यांत मधल्या पदाची फोड करायची, दोन-दोन पदांचे गट करायचे, सामाईक कंस बाहेर काढायचा. आपल्या बाबतीत गुणाकार अठरा, बेरीज सात. पत्रिका जुळवण्याचाच प्रकार हा. छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की भटजी ‘हरकत नाही’ म्हणतात, हे आत्याच्या लग्नाच्या वेळी घरात ऐकलेले होते. इथे तर नेमके अठरा. एक आणि अठरा: गुण जुळले, बेरीज एकोणीस. दोन आणि नऊ: गुण जुळले, बेरीज अकरा. तीन आणि सहा: गुण जुळले, बेरीज नऊ. आणि स्थळे संपली.

इतक्यावर मी थांबलो असतो तर आज हे पत्र लिहावे लागले नसते. पण आशा वाईट असते. जेवणाआधी मी अपूर्णांकांत शिरलो. साडेचार चोक अठरा, बेरीज साडेआठ! एकोणीस, अकरा, नऊ, साडेआठ. बेरीज उतरत चालली आहे, म्हणजे अजून थोडे रेटले की सातवर येणारच, असा माझा हिशेब होता. मग सव्वाचार आणि त्याचा जोडीदार. मग चार पूर्णांक आणि कायकाय. पाठकोरे कागद संपले, कॅलेंडरची मागची बाजू संपली, आईच्या दोन हाका होऊन तिसरीत माझे पूर्ण नाव आले. बेरीज साडेआठच्या खाली केसभर गेली आणि तिथेच घट्ट बसली. आठ पूर्णांक चार-आठ-पाच. त्याखाली ती जात नाही, कधीच जाणार नव्हती, आणि हे आपल्याला ठाऊक होते.

आता मलाही ठाऊक आहे, आणि ते किती सोपे आहे हे कळल्यामुळेच संताप जास्त आहे. दोन संख्यांची बेरीज सात ठरली, की त्यांचा गुणाकार जास्तीत जास्त किती होऊ शकतो? दोघी सारख्या असताना. साडेतीन गुणिले साडेतीन, सव्वाबारा. बस्स. लांबी आणि रुंदी मिळून सात मीटर असलेली खोली आपण कशीही लांबवा, आखडा, सव्वाबारा चौरस मीटरच्या वर तिचे क्षेत्रफळ जात नाही. आपण मात्र तेवढ्याच भिंतींत अठरा सांगत होता. सव्वाबाराच्या कार्पेटवर अठराचा सुपर बिल्टअप लावणारी माणसे मी पुढे पुण्यात फ्लॅट शोधताना पाहिली, पण त्यांच्या जाहिरातीखाली निदान बारीक अक्षरांत ‘अटी लागू’ तरी असते. आपल्याखाली काही नव्हते.

रात्री नऊला मी शेवटचे पान उघडले. उत्तरसूची. उपप्रश्न ‘ई’ समोर छापले होते: (क्ष + ९)(क्ष − २). ताळा करायची खोड मला वडिलांनी लावली होती, म्हणून गुणून पाहिले. नऊ वजा दोन सात, हे बरोबर. नऊ गुणिले उणे दोन, उणे अठरा. उणे! माझ्यासमोर तर अधिक अठरा होते. पुन्हा गुणले, पुन्हा उणे. आता इथे एक कबुली देतो, कारण खुल्या पत्रात ती लपवायला जागा नाही. मी ते उत्तर जसेच्या तसे वहीत उतरवले. मधली एक पायरी अशी काही गिचमिड करून लिहिली की उणे आहे की अधिक, हे देवालाही कळू नये. दुसऱ्या दिवशी सरांनी गाईडचे मागचे पान उघडे ठेवून वह्या तपासल्या आणि मला बरोबरची खूण मिळाली.

पुढच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र आपल्यासमोर तिन्ही जोड्या मांडून, त्यांच्या बेरजा लिहून, खाली लिहिले होते: ‘अवयव पडत नाहीत.’ सरांनी वर्गात मोठ्याने वाचले. म्हणाले, ‘पडत नाहीत म्हणजे? तुला पाडता येत नाहीत.’ लाल फुली. वर्ग हसला. मीही हसलो, कारण माझ्या वहीत बरोबरची खूण होती.

आपण यावर काही बोलला नाहीत. न बोलणे हा आपला स्थायीभावच दिसतो. महाराष्ट्रात राहून न फुटण्याचा विक्रम केल्याबद्दल खरे तर आपला जाहीर सत्कार व्हायला हवा. इथे परीक्षेचे पेपर फुटतात, भर उन्हाळ्यात पाण्याच्या पाइपलाइनी फुटतात, पक्ष एका रात्रीत फुटतात आणि मग चिन्ह कोणाचे यावर वर्षानुवर्षे खटले चालतात. आपण मात्र अभंग. आपल्याही प्रकरणात घोळ चिन्हाचाच होता, पण ते पुढे.

आधी आपली जन्मखूण उघड करतो. मधल्या सहगुणकाचा वर्ग करावा. त्यातून पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांच्या गुणाकाराची चौपट वजा करावी. बी वर्ग वजा चार एसी. (यातले ‘एसी’ ऐकून मागच्या बाकावरचा कोणीतरी ‘सर, निदान पंखा तरी’ म्हणतो. हा विनोद आम्हाला वरच्या वर्गाकडून मिळाला होता, आम्ही खालच्या वर्गाला दिला.) मराठी पुस्तकात याला विवेचक म्हणतात. इंग्रजीतले त्याचे नाव सिल्वेस्टर नावाच्या गणितज्ञाने १८५१ मध्ये घडवले. पण मला आपले मराठीच आवडते, विवेक शिकवणारा वाटतो. आपला विवेचक काढू या. सातचा वर्ग एकोणपन्नास. अठरा चोक बहात्तर. एकोणपन्नासातून बहात्तर गेले, उरले उणे तेवीस. संपले. कॅलेंडरची मागची बाजू, तीन हाका, साडेचार चोक अठरा, या सगळ्याऐवजी एक वजाबाकी.

ही वजाबाकी मला दहावीत शिकवली. अवयव आठवीत, विवेचक दहावीत. दगड आधी हातात दिला आणि झाडाला बोरे आहेत का हे बघायची दुर्बीण दोन वर्षांनी दिली. तीही दिली ती ‘मुळांचे स्वरूप’ अशा भारदस्त मथळ्याखाली, जणू तिचा त्या जुन्या बोरीशी काही संबंधच नाही. तीन वाक्ये पाठ करून घेतली: विवेचक शून्याहून मोठा तर मुळे वास्तव व असमान, शून्य तर वास्तव व समान, शून्याहून लहान तर वास्तव मुळे नाहीत. एका गुणाचा प्रश्न येतो, सोडू नका. पण अवयव पाडायला बसलेल्या पोराला ज्या चौथ्या वाक्याची गरज होती, ते त्यात नव्हतेच: विवेचक पूर्ण वर्ग आहे का ते बघ. असेल तर खुशाल मध्यपद फोड, पूर्णांकांत अवयव मिळतील. नसेल तर आकडे शोधत बसू नकोस, कितीही शोधलेस तरी नाहीत.

हे वाक्य किती कामाचे आहे ते आपल्याच गल्लीत फिरून दाखवतो. मध्यपद ७क्ष ठेवायचे आणि शेवटचा आकडा एकपासून वाढवत न्यायचा. विवेचक होतात ४५, ४१, ३७, ३३, २९, २५, २१, १७, १३, ९, ५, १. प्रत्येक घराला चार पायऱ्या खाली उतरणारा जिना. यात पूर्ण वर्ग कोणते? २५, ९ आणि १. म्हणजे घर क्रमांक ६, १० आणि १२. आपले ते तीन सज्जन शेजारी, अ, आ, इ. बाकी नऊ घरांना कुलूप. तेराव्या घरापासून जिना जमिनीखाली जातो, उणे तीन, उणे सात, आणि अठराव्या घरात, पार तळघरात, उणे तेवीसवर आपण बसलेले.

याच गल्लीतली आणखी एक गंमत मला कोणी सांगितली नाही, मीच फिरता फिरता पाहिली. उघडी घरे तिन्ही सम आहेत. विषम क्रमांकाचे एकही घर उघडत नाही. कारण शाळकरी पोरालाही कळेल असे आहे: गुणाकार विषम हवा असेल तर दोन्ही आकडे विषमच हवेत, आणि दोन विषमांची बेरीज सम येते, सात कधीच येत नाही. पहिला सहगुणक एकाऐवजी दुसरा कोणताही विषम घ्या, तरी हेच. तिन्ही सहगुणक विषम दिसले की पेन्सिल खाली ठेवावी, पूर्णांकांत अवयव नाहीतच. एवढे एक वाक्य त्या वेळी माहीत असते तर आयुष्यातले किती कागद वाचले असते! आपण मात्र सम क्रमांक घेऊन राहिलात, म्हणजे ही सोपी चाळणीही आपल्याला अडवू शकत नव्हती. पोचलेले आहात.

आता आपल्या वतीने कोणी वकील उभा राहील आणि म्हणेल, ‘पडत नाहीत’ हे विधान तरी पूर्ण कुठे आहे? कशात पडत नाहीत? वकिलाचा मुद्दा बरोबर आहे, आणि या सगळ्या प्रकरणात मला तोच सर्वांत रोचक वाटतो. आपल्याच गल्लीतले आठव्या घरातले गृहस्थ घ्या, क्ष² + ७क्ष + ८. जोड्या दोनच: एक-आठची बेरीज नऊ, दोन-चारची सहा. सात बरोबर मधे अडकलेले. विवेचक सतरा. सातने शेवट होणारा पूर्ण वर्ग कधीच नसतो (दोन, तीन आणि आठचेही तेच; पूर्ण वर्ग या चार अंकांवर कधी संपत नाही), त्यामुळे पूर्णांकांत तर सोडाच, अपूर्णांकांतही त्यांचे अवयव नाहीत. पण सतरा हा धन आहे, त्याचे वर्गमूळ आहे, भले ते अपरिमेय असेल. ते वापरायची परवानगी दिली की दोन आकडे मिळतात, साधारण १.४४ आणि ५.५६. बेरीज सात, गुणाकार आठ. म्हणजे अवयव पडले!

मार्च महिन्यात हापूस मिळतो का, या प्रश्नासारखे आहे हे. मिळतो, खिशात काय आहे त्यावर. खिशात पूर्णांकांची चिल्लर असेल तर आठव्या घरी काही मिळणार नाही. वर्गमूळांच्या नोटा चालत असतील तर मिळेल. आपल्या घरी तर त्या नोटाही चालत नाहीत. तिथे अकरावीतले संमिश्र संख्यांचे चलन लागते, उणे तेवीसच्या वर्गमूळावर उभे असलेले. ते हाती घेतले की आपणही दोन तुकडे होऊन गुपचूप पडता. म्हणजे आपला अभंगपणाही आमच्या खिशावरच अवलंबून होता तर! ‘अवयव पाडा’ म्हणणाऱ्याने खिशात काय आहे हे विचारले नाही, सांगितलेही नाही. आठवीत ते गृहीत असते, हे मान्य. पण ते गृहीत आहे एवढे तरी आठवीतल्या मुलाला सांगावे की नाही?

पहिला सहगुणक एक नसला तरीही हाच विवेचक चालतो, हे जाता जाता सांगतो. ६क्ष² + ७क्ष + २ चा विवेचक एक, आणि ते (२क्ष + १)(३क्ष + २) असे शहाण्यासारखे फुटतात. अपूर्णांकांत फुटणारी राशी पूर्णांकांतही फुटतेच, कंसात अपूर्णांक ठेवावे लागत नाहीत, ही खात्री गाऊसच्या १८०१ च्या ग्रंथापासून आपल्या पाठीशी आहे. त्याच ६क्ष² + ७क्ष ला शेवटी २ ऐवजी ३ जोडले की विवेचक येतो उणे तेवीस. ओळखलेत का? आपलेच भाऊबंद. २क्ष² + ७क्ष + ९ हेही. नाके वेगळी आहेत, रक्त एक.

आता माझी खरी तक्रार आपल्यावर आहे की आपल्या दुर्मीळपणावर, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. म्हणून एका रविवारी मोजायला बसलो. क्ष² च्या पुढे मधला सहगुणक एक ते दहा, शेवटचा आकडा एक ते दहा, सगळी चिन्हे अधिक. शंभर त्रिपदी झाल्या. त्यांतल्या पूर्णांकांत फुटणाऱ्या किती? चौदा. शेवटच्या आकड्यापुढे उणे केले तर बारा. आकडे मोठे घेत गेले तर हे प्रमाण घटत शून्याकडे जाते. महाशय, दुर्मीळ आपण नाही! दुर्मीळ आहेत ते अ, आ, इ. आमच्या सरावसंचात त्या शंभरातले नेमके चौदा वेचून बसवले होते आणि आम्ही समजत होतो की त्रिपदी म्हणजे फुटणारीच. चौदा बोरींच्या बागेत वाढलेल्या पोराला बाहेर शहाऐंशी बाभळी आहेत हे कोणी सांगितलेच नाही. आपण बागेत चुकून उगवलेली एक बाभळ.

वेचून बसवण्याची ही परंपरा जुनी आहे, आणि तक्रार थेट भास्कराचार्यांपर्यंत नेता येईल. बाराव्या शतकातल्या त्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांची दोन उदाहरणे आहेत. एकात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेली बारा माकडे टेकडीवर आहेत. उत्तरे दोन, अठ्ठेचाळीस किंवा सोळा. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून त्याचा वर्ग गुहेत गेला आणि एक माकड बाहेर दिसते आहे. उत्तरे पन्नास किंवा पाच. पैकी पाच हे उत्तर आचार्य नाकारतात, कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन गेले तर उणे दोन माकडे होतात, आणि लोकांना ते पटत नाही. मी दोन्हींचे विवेचक काढून पाहिले. पहिल्याचा १०२४, म्हणजे ३२ चा वर्ग. दुसऱ्याचा २०२५, म्हणजे ४५ चा वर्ग. आचार्यांनीही माकडे मोजूनच रानात सोडली होती.

पण एका बाबतीत ते आमच्या गाईडवाल्यांहून फार पुढे होते. आम्ही मधल्या पदाची फोड करतो. त्यांनी या प्रकरणाला नाव दिले मध्यमाहरण, म्हणजे मधल्याला काढूनच टाकणे. श्रीधराचार्यांची रीत त्यांनी नावानिशी सांगितली आहे: दोन्ही बाजूंना पहिल्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मूळच्या मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. या रितीत नशिबाने जुळणारे दोन आकडे शोधायचे नसतात. फुटणारी असो वा न फुटणारी, प्रत्येक राशी या घाण्यातून जाते. आपल्याला घातले तर निघते: (२क्ष + ७) चा वर्ग बरोबर उणे तेवीस. इथे आचार्यांनी लेखणी खाली ठेवली असती, कारण ऋण संख्या हा कशाचाच वर्ग नसतो, म्हणून तिला वर्गमूळ नाही, असे त्यांचे स्पष्ट म्हणणे आहे. दोन ओळींत निकाल, आणि ‘तुला येत नाही’ हे वाक्य कुठेही नाही. चाळीसगावजवळ पाटणे गावी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने मठ काढला होता, असे सांगणारा १२०७ चा शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. तो मठ आज चालू असता तर या पत्राची एक प्रत तिकडे धाडली असती.

आणि आता चिन्ह. त्या काळी ऋण संख्या दाखवायला आकड्याच्या डोक्यावर टिंब देत. टिंब पुसले गेले की ऋणाचे धन झाले, कर्ज फिटले! आपल्या बाबतीत काय झाले असेल हे मला मोठेपणी सुचले. उत्तरसूचीतले (क्ष + ९)(क्ष − २) हे खोटे नव्हते. ते क्ष² + ७क्ष − १८ चे उत्तर होते. त्याचा विवेचक एकशेएकवीस, अकराचा स्वच्छ वर्ग. म्हणजे आपण मुळात सज्जन घरातले. कुठेतरी, जुळाऱ्याच्या खिळ्यात म्हणा की छपाईत म्हणा, उणेच्या आडव्या रेघेला एक उभी रेघ येऊन चिकटली. मराठीत आपण काना-मात्रेच्या फरकाला हसतो. आपल्या आडव्या रेघेला कुणीतरी काना दिला आणि अकराच्या वर्गावरून आपण थेट उणे तेवीसच्या तळघरात गेलात. त्या मुलीची फुली, माझी बरोबरची खूण आणि वर्गाचे हसणे, एवढे सगळे त्या एका कान्याचे.

हे सगळे मी विसरून गेलो असतो. पण गेल्या रविवारी बहिणीकडे गेलो होतो. भाचा आठवीत आहे. पुढ्यात तेच गाईड, नवी आवृत्ती, मुखपृष्ठावर लॅपटॉप घेतलेला हसरा मुलगा, किंमत आमच्या वेळेच्या कितीतरी पट. म्हणाला, ‘मामा, एवढे एक पडत नाहीये.’ मी वाकून पाहिले. सरावसंच तिसरा, प्रश्न चौथा, उपप्रश्न ‘ई’. काना जागच्या जागी. किंमत वाढली, उणे परतले नाही.

आणि काय सांगू आपल्याला, माझ्या तोंडून निघाले, ‘पडत नाही म्हणजे?’ पुढचे वाक्य ओठांवर आलेच होते. तेवढ्यात भाची, दहावीतली, पोळी खात खात मागून डोकावली. ‘एकोणपन्नास वजा बहात्तर. उणे तेवीस. ए, नाही पडत ते, लिही तसे आणि जा खेळायला.’

‘पण ताई, मागे उत्तर दिलेय.’

‘ताळा केलास?’

त्याने केला. दोन मिनिटांत वहीत ‘अवयव पडत नाहीत, विवेचक −२३, पुस्तकातले उत्तर चूक’ असे तीन तुकड्यांत लिहिले आणि चप्पल घालून पसार झाला. मी पुस्तक घेऊन तिथेच बसलो होतो.

सोमवारी त्याची वही तपासली जाईल. सर मागचे पान उघडे ठेवतील की नाही, हे आपल्याला आधी कळेल. कळल्यास दोन ओळी टाकाव्यात. आपल्या स्वभावानुसार टाकणार नाहीत, हेही जाणून आहे.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
बरोबरची खूण मिळालेला एक विद्यार्थी

ता. क. निघण्यापूर्वी भाच्याच्या पुस्तकातला तो काना ब्लेडने खरवडून पाहिला. आमच्या लहानपणी वहीतली शाई अशीच काढत. काना निघाला. त्याच्याबरोबर आडवी रेघ निघाली, आणि कागदही. आता ७क्ष आणि १८ यांच्यामध्ये एक भोक आहे, आणि त्यातून पुढच्या पानावरचा एकच शब्द दिसतो: ‘पाडा’.